तिरकी सीट

१

गाडी जागेवर होती, चारही चाकं जागेवर होती, आणि सीट नव्हती. ड्रायव्हरच्या शेजारची अख्खी सीट, खालच्या सरकत्या पट्ट्यांसकट गायब. मी हातातला पत्रा खाली टेकवला आणि आधी गाडीखाली वाकून बघितलं. सीट काही मांजर नव्हे खाली जाऊन बसायला, पण अशा वेळी माणूस बघतोच.

जेवायच्या सुट्टीत शटर अर्धं ओढून मी पत्रा आणायला गेले होते. माझं गॅरेज म्हणजे जुन्या गाड्यांचा दवाखाना. फाटलेली जमीन, गंजलेले दरवाजे, वाकलेले खांब, सगळं माझ्याकडे येतं. इंजिनाला मी हात लावत नाही. दिवसभर वेल्डिंग करते म्हणून लोक मला ठिणगीताई म्हणतात. काहीजण म्हणतात, नाव स्वभावावरून पडलं. त्यांच्या गाड्या मी शेवटी घेते.

बाकी काहीच गेलं नव्हतं. माझा ग्राइंडर समोरच पडला होता, कुणीही उचलावा असा. चोरानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. उलट जाताना सीटचे चारही बोल्ट डॅशबोर्डवर ओळीनं मांडून ठेवले होते, प्रत्येकाचा वॉशर त्याच्या शेजारी. इतकी नीटनेटकी तर मीसुद्धा नाही.

बोल्ट ठेवून सीट नेणारा चोर मी जन्मात पाहिला नव्हता. मी स्टुलावर बसले आणि विचार करू लागले. जुन्या, उसवलेल्या सीटचं कुणाला काय करायचंय? आणि मग मला माझंच कालचं वाक्य आठवलं. "सीट नसेल तर माझं काम बंद," असं मी मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, चार माणसांसमोर.

२

ती चार माणसं अशी.

पहिल्या बाई. गाडी त्यांच्या नवऱ्याची. नवरा गेल्या वर्षी गेला. बाई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कमी बोलणाऱ्या, ताठ बसणाऱ्या. आता घर आवरून मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या.

दुसरी त्यांची मुलगी. गाडी तीच चालवणार होती. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "ताई, सीट पक्की करून द्या. मोठा रस्ता आहे. आईच्या शेजारी इतका वेळ बसायला मला आयुष्यात पहिल्यांदा मिळणार आहे. निदान गाडीत तरी ती माझ्याशी बोलेल." एवढ्या मोठ्या बाईनं असं म्हणावं, मला जरा गलबलून आलं. मी तसं दाखवलं नाही.

तिसरा जावई. माणूस सरळ, पण सल्ले फार. आणि चौथे गादीवाले काका, शेजारच्या खोलीत गाड्यांच्या सीटा शिवणारे. त्यांच्या आणि माझ्या जागेमध्ये एक दार आहे, ते आम्ही कधी लावत नाही. काकांच्या तोंडाचा पट्टा त्यांच्या मशीनपेक्षा जोरात चालतो.

तर काल मी या चौघांसमोर गाडीतली चटई उचलली. सीट ज्या चार बोल्टांनी जमिनीला धरलेली असते, त्यातल्या तीन जागा फाटल्या होत्या. सीट दुखऱ्या दातासारखी हलत होती. कारणही तिथंच दिसलं. कंपनीनं दिलेल्या प्रत्येक भोकाशेजारी कुणीतरी हातानं दुसरं भोक पाडलं होतं आणि सीट त्या नव्या भोकांवर बसवली होती. त्यामुळे ती ड्रायव्हरकडे दोन बोटं तिरकी. जुन्या आणि नव्या भोकाच्या मध्ये पत्रा उरला होता करंगळीएवढा. तो फाटणारच. फाटल्यावर कुणीतरी ठिगळ लावलं होतं, ते फाटल्यावर दुसरं.

"कुठल्या गाढवाचं काम हे?" मी म्हणाले.

"बाबांचं," मुलगी म्हणाली.

मी जीभ चावली. बाईंकडे बघायची हिंमत होईना. पण बघितलं तर त्या माझ्याकडे उजवा खांदा करून बसल्या होत्या आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मला वाटलं, मोठ्या मनाची बाई. मग त्या उठल्या, स्टूल उचलून गाडीच्या पलीकडे नेलं, माझ्याकडे डावी बाजू करून बसल्या आणि म्हणाल्या, "काय करणार तू?"

"जुनं सगळं कापून टाकणार. नवा जाड पत्रा, खालून पट्टी, नवे नट. आणि सीट सरळ, कंपनीनं दिली होती तशी."

"आहे तशीच बसव."

"आई, बाबांचा हात चुकला होता तिथे," मुलगी म्हणाली. "लहानपणापासून बघतेय, वाकडी ती वाकडीच. आता सरळ होऊ दे की."

"खरं म्हणजे ही सीटच नको," जावई म्हणाला. "नव्या गाडीची मिळते बाजारात. मी उद्या बघून येतो. आईंना आरामही पडेल."

त्यानं सीट पुढे सरकवून बघायला खालचा खटका ओढला. खटका हलेना. त्यानं पाय रोवून ओढला, हाताला फोड आला. मीही ओढला. खटका गंजून बसलाय, उद्या कापू, असं मी जाहीर केलं. आणि मग माझं व्याख्यान सुरू झालं. मी माप घेऊन नट लावत नाही. सीटच्या पायांनाच नट बांधते, सीट जमिनीवर ठेवते आणि नट जिथे टेकतात तिथे वेल्डिंगचे टाके मारते. माप चुकतं, सीट चुकत नाही. माझ्या वडिलांची पद्धत. सीट नसेल तर माझं काम बंद.

म्हणजे हे ऐकलेल्या चौघांपैकी कुणालातरी माझं काम बंद पाडायचं होतं.

३

आधी समोरच्या रंगाऱ्याला विचारलं. तो दुपारभर रस्त्याकडे तोंड करून बोर्ड रंगवत असतो. "तुझ्या शटरखालून कुत्रंसुद्धा बाहेर पडलेलं नाही," तो म्हणाला. "सीट घेऊन जाणारा माणूस मला दिसला नसता होय?"

मग काका. काका मशीनवर वाकलेले. मी म्हटलं, "काका, सीट चोरीला गेली."

"अरेरे," काका म्हणाले. बास. जो माणूस सुई तुटली तरी अर्धा तास सांगतो, तो "अरेरे" म्हणून थांबला. खोलीभर सीटा पडल्या होत्या, एकावर एक, काही उघड्या, काही नव्या कव्हरात. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर चहा पीत बसल्या होत्या. लेकीनं घर आवरायला घेतल्यापासून त्या दुपारच्या इथेच येऊन बसत.

"बाई, तुम्ही इथेच होतात. काही आवाज?"

"मशीन चालू होतं," त्या म्हणाल्या. "मला काही ऐकू आलं नाही."

तेवढ्यात जावई हाश्शहुश्श करत आला, मागून मुलगी. जावई सीटा बघायला बाजारात गेला होता, मुलगी घरी सामान बांधत होती. फोन कानाला लावून जावई कुणाला तरी सांगत होता, "हो, निघतोय लवकरच. हे बघा, आईंशीच बोला," आणि त्यानं फोन बाईंच्या उजव्या कानाशी नेला. बाईंनी कप खाली ठेवला, फोन हातात घेतला, डाव्या कानाला लावला आणि मग बोलल्या. त्या वेळी मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष मुलीकडे होतं, कारण सीट गेल्याचं कळताच ती नवऱ्यावर उखडली होती.

"तूच काढलीस. कालपासून तुला ती सीट डोळ्यांत खुपत होती."

"अगं, मी बाजारात होतो."

"आणि तिकडे कुणाला विकून आलास? आईची सीट होती ती. बाबांच्या शेजारची."

जावयाचा चेहरा पडला. कितीही सल्ले देत असला तरी चोर नव्हता बिचारा. आणि ते मला तिथल्या तिथे सिद्ध करता आलं असतं, पण मग पुढचं सगळं बाहेर आलं असतं. ते काय, हे मलाच अजून धड कळलं नव्हतं.

४

गोष्ट खटक्याची होती. त्या सीटचे मागचे दोन बोल्ट सीटच्या खालीच दडलेले असतात. सीट पूर्ण पुढे सरकवल्याशिवाय पाना तिथे पोचत नाही. आणि खटका तर बसलेला. तरी चोरानं काहीही न कापता, न तोडता बोल्ट काढले. म्हणजे त्याला तो खटका उघडायची खुबी माहीत होती. अशा जुन्या खटक्यांची खुबी असतेच. जरा उचलायचा, मग बाजूला, मग ओढायचा. ती पुस्तकात नसते, रोज त्या सीटवर बसणाऱ्याच्या हातात असते.

मी मुलीला गाडीजवळ घेऊन गेले. "तू कधी पुढे बसलीस?"

"कधीच नाही. ती आईची जागा. मी बाबांच्या मागे."

"बाबांच्याच का मागे?"

"तिथून आईचा गाल दिसायचा. सीट वाकडी होती ना, म्हणून. बाकी कुठून दिसला नसता. मी सारखी तिच्याशी बोलायची हो ताई. शाळेतलं, मैत्रिणींचं, काहीबाही. ती बाबांकडे बघून हसायची, त्यांच्याशी बोलायची. माझ्याकडे कधी वळली नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी बोलायची बंद झाले. मोठी झाले, घर सोडलं, लग्न केलं. अजून वाटतं, एकदा तरी तिनं मागे वळून म्हणावं, काय म्हणालीस?"

मी शटरजवळ जाऊन उभी राहिले. तिथून आतल्या दारातून काकांच्या खोलीत बाई बसलेल्या दिसत होत्या. मी त्यांच्या उजव्या हाताला होते. मशीन बंद होतं. मी हाक मारली, "बाई!"

बाईंनी झटकन मान वळवली. डावीकडे. भिंतीकडे. तिथे कुणी नाही म्हटल्यावर मग इकडेतिकडे शोधत माझ्याकडे बघितलं.

कालपासून माझ्या डोक्यात जे सुटं सुटं पडलं होतं ते एका हाकेत जुळलं. आधी सीट शोधायची होती. आणि ती कुठे असणार, हे कळायला इतका वेळ लागल्याची मला लाज वाटली. रस्त्यावर गेली नाही, गॅरेजमध्ये नाही, मधलं दार सताड उघडं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी काकांच्या खोलीत शिरले. सगळ्या सीटांवर धूळ होती. एकीवर नव्हती. तिला पिवळं रेक्झिनचं कव्हर घातलेलं, घाईघाईत, टाके मोठे मोठे. मी ती उलटी केली. मागच्या पायाखाली लोखंडाची एक जाड चकती, हातानं घासून बनवलेली. तिरकी बसवलेली सीट डुगडुगू नये म्हणून कुणीतरी प्रेमानं घासली होती. काकांनी मशीनवरून मान वर केली नाही.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही मोठे टाके घालता तेव्हा तुमचं मन थाऱ्यावर नसतं. जरा चहा घेऊन या बाहेर. मला बाईंशी बोलायचंय."

५

मी खुर्ची ओढली आणि बाईंच्या डाव्या बाजूला बसले. त्यांनी ते बघितलं. कळलं त्यांना.

"पाना काकांनी चालवला," मी म्हणाले, "पण खटका तुम्ही उघडलात. तो दुसऱ्या कुणाला उघडत नाही. बोल्ट ओळीनं मांडले तेही तुम्हीच, काका खिळे तोंडात धरणारा माणूस. पण ते सोडा. काल मी तुमच्या नवऱ्याला गाढव म्हटलं आणि तुम्हाला राग आला नाही. तुम्ही उजवा खांदा माझ्याकडे करून बसला होता. मग स्टूल फिरवून बसलात. फोन डाव्या कानाला नेलात. मगाशी मी उजवीकडून हाक मारली आणि तुम्ही भिंतीकडे बघितलंत. एकाच कानानं ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत नाही. तुम्हाला उजव्या कानानं ऐकू येत नाही. आणि ड्रायव्हर तुमच्या उजवीकडे बसतो."

बाई म्हणाल्या, "गाढव म्हणालीस?"

"म्हणाले. चुकले."

"तेही स्वतःला म्हणायचे. ठिगळ फाटलं की." त्या हसल्या आणि डोळे भरून आले. "लहानपणी ताप आला, त्यात कान गेला. एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हेडफोन डाव्या कानाला. कळलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. म्हणून कुणालाच सांगायचं नाही, घरातसुद्धा नाही, अशी सवय लागली. यांनाही नव्हतं सांगितलं. गाडी घेतली, पहिल्या फेरीत हे बोलत होते आणि मी समोर बघून हसत होते. घरी आल्यावर म्हणाले, मी काय विचारलं सांग बघू. मग सांगावं लागलं. सुट्टीच्या दिवशी ड्रिल घेऊन बसले. एक शब्द बोलले नाहीत. सीट फिरवली आणि म्हणाले, आता बस. बसले तर त्यांचं तोंड समोर. तोंड दिसलं की निम्मं ऐकू येतं, आणि डावा कानही जरा पुढे येतो."

"मग लपवायची कशाला सीट? मला सांगायचं."

"मुलगी होती ना तिथे. मला वाटलं, सीट नसली म्हणजे तुला सरळ बसवता येणार नाही. निघायची वेळ आली की घाईत आहेत तीच भोकं सांधून देशील." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे गेल्यापासून मी घरी असले की त्या सीटवर जाऊन बसते. तोंड आपोआप त्यांच्याकडे होतं. रिकामी जागा दिसते, पण दिसते तरी. तू सरळ केलीस तर मला नुसता रस्ता दिसेल."

मी फटकळ आहे, अशा वेळी माझा उपयोग नसतो. तरी विचारलं, "नोकरी कधीच संपली. लेकीला का नाही सांगितलंत?"

"तोवर ती बोलायची थांबली होती," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मोठी झाली, अबोल झाली. बापावर गेली असेल म्हटलं."

"ती मागून बोलायची," मी म्हणाले. "तुमच्या उजव्या बाजूनं. कितीतरी वर्षं."

बाईंचा हात पदरावर तसाच राहिला. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, जणू मी अजून काही बोलेन. पण तो हिशेब माझा नव्हता. फक्त उठताना म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही. पण तुमच्या जावयाला उगीच बोलणी बसतायत, एवढं लक्षात ठेवा."

६

काम मी माझ्या पद्धतीनं केलं. फाटलेली जमीन कापून काढली, ठिगळंही गेली. ती काढताना मात्र हात जड झाला. नवा पत्रा बसवला, खालून चारी जागांना मिळून एकच जाड पट्टी दिली, म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळ्या जमिनीवर पसरते. त्या माणसानं हीच एक गोष्ट केली नव्हती, बाकी त्याचं काही चुकलं नव्हतं. मग सीटच्या पायांना नट बांधले, चकतीसकट सीट ठेवली आणि बाईंना वर बसवलं. "बसा जशा बसता तशा," म्हटलं. त्या बसल्या, सीट जराशी हलवून घेतली आणि मान डोलावली. तिथे मी खुणा करून टाके मारले. दोन बोटं तिरकी. आता तिच्यावर हत्ती बसवा.

काकांनी पिवळं कव्हर उसवून जुनं परत घातलं, बारीक टाक्यांत. आणि त्या दिवसाची भरपाई म्हणून दुपारभर बोलले.

निघायच्या दिवशी मुलगी किल्ली घ्यायला आली. सीट बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, ही पुन्हा वाकडी?"

"मुद्दाम. काम माझं, जबाबदारी माझी. का, ते आईला विचार."

"आणि चोर कोण होता?"

"तेही आईलाच विचार. तुझा नवरा नव्हता, एवढं मी सांगते. त्याच्याशी नीट बोल."

जावई मागे जाऊन बसला, सामानाच्या मध्ये. बाई आपल्या सीटवर बसल्या. मुलीनं गाडी सुरू केली आणि आरशाकडे बघता बघता तिची नजर बाजूला गेली. आईचं तोंड पूर्ण तिच्याकडे होतं. इतक्या जवळून, इतकं समोर तिनं ते कधी पाहिलं नसावं. ती आधी बावरली.

"काय बघतेस आई?"

"तुझं तोंड," बाई म्हणाल्या. "मला या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. तुझ्या बाबांना माहीत होतं, म्हणून त्यांनी सीट फिरवली. तुला सांगायचं राहून गेलं. सीट मीच लपवली होती, जावयांना उगाच बोललीस."

मुलीचे स्टिअरिंगवरचे हात मांडीवर आले. मागून जावई म्हणाला, "असू दे, असू दे," पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

बाई तिच्याकडे आणखी वाकल्या. "तू मागे बसून काय काय बोलायचीस गं? मला एक अक्षर ऐकू आलं नाही. सगळं सांग आता. पहिल्यापासून."

मुलीनं किल्ली फिरवून गाडी बंद केली. माझ्या दारातच, अर्धी आत, अर्धी रस्त्यावर. तिनं डोळे पुसले, आईकडे वळली आणि बोलायला लागली. शाळेतल्या कुठल्या मैत्रिणीचं होतं काहीतरी, रिबिनीवरून भांडण झाल्याचं. बाई तिच्या ओठांकडे बघत होत्या आणि मध्येच "मग?" म्हणत होत्या.

मागे एक ट्रकवाला येऊन हॉर्न वाजवायला लागला. मी भर रस्त्यात जाऊन त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, "बंद कर तो हॉर्न. आत बाईंना ऐकू येत नाही."